बुधवारचा डास, गुरुवारचा ताप

"डेंग्यू नाही, एवढं नक्की," दवाखान्यात माझ्यासमोरच्या खुर्चीत बसता बसता रुग्णाचा नवरा म्हणाला. "डास चावले बुधवारी संध्याकाळी, ताप आला गुरुवारी रात्री. डेंग्यूला किमान चार दिवस लागतात. मी नीट वाचलंय."

त्याने वाचलेलं खरं होतं. डेंग्यूचा डास चावल्यापासून ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात, आणि चोवीस-तीस तासांत डेंग्यूचा ताप येत नाही. तरीही त्याच्या बायकोला डेंग्यूच झाला होता. माहिती बरोबर होती, पण ती ज्या चाव्याला लावली तो चावा चुकीचा होता. त्यामुळे अडीच दिवस वाया गेले आणि नको ती गोळी पोटात गेली. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते त्यासाठीच.

रविवारी काय दिसलं

रुग्ण ३८ वर्षांची, शाळेत शिक्षिका, आधीचा कुठलाही आजार नाही. बुधवारी, १८ तारखेला संध्याकाळी ती मैत्रिणीकडे गेली होती. बागेत बसून गप्पा झाल्या आणि पायांवर डासांच्या पाच-सहा गांधी उठल्या. गुरुवारी, १९ तारखेला रात्री ११ च्या सुमारास थंडी वाजून ताप भरला. डोकं, पाठ, सांधे, सगळंच ठणकत होतं. "साधा व्हायरल असेल" असं घरात ठरलं आणि अंगदुखीवर घरात असलेली आयब्युप्रोफेनची गोळी सुरू झाली. शुक्रवार-शनिवार मिळून पाच गोळ्या गेल्या.

रविवारी सकाळी मी पाहिलं तेव्हा ताप येऊन सुमारे ५८ तास झाले होते. ताप १०२.६, चेहरा लालसर, डोळे हलवले की खोबणीत दुखत होतं, मळमळ होती. सर्दी नाही, खोकला नाही, घसा साफ. या 'नाही'ला मी फार महत्त्व देतो. एवढा ताप, एवढी अंगदुखी आणि नाक-घसा मात्र कोरडा ठणठणीत, हे चित्र दिसलं की फ्लूचं नाव मागे पडतं.

रक्तदाब ११८/७८. दंडाला पट्टा बांधून तो ९८ वर, म्हणजे वरच्या आणि खालच्या आकड्याच्या बरोबर मध्यावर, पाच मिनिटं फुगवून ठेवला. पट्टा सोडल्यावर कोपराच्या खाली एका चौरस इंचात १७ बारीक लाल ठिपके मोजले. दहा किंवा अधिक आले तर चाचणी होकारार्थी धरतात. ही जुनी, बिनखर्चाची तपासणी आहे. तिच्यावर एकटीवर निदान होत नाही, पण ती मनात संशय पक्का करते.

रक्तात पांढऱ्या पेशी २,९००, प्लेटलेट १,३२,०००, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण, ३९.२. एनएस-१ ही विषाणूच्या प्रथिनाची तपासणी पॉझिटिव्ह. आयजीएम निगेटिव्ह, आणि ते अपेक्षितच होतं, कारण आयजीएम प्रतिपिंडं बहुतेकांत तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसायला लागतात.

अहवाल हातात घेऊन नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे वाचलेलं खोटं होतं?"

कागदावरची रेघ

मी एका कोऱ्या कागदावर आडवी रेघ मारली आणि तिच्यावर तारखा मांडल्या. १९ तारखेवर फुली, ताप आला तो दिवस. तिथून मागे मोजायला लागलो. चार दिवस मागे १५ तारीख, दहा दिवस मागे ९ तारीख. जास्तीत जास्त ताणून तीन ते चौदा दिवस धरले तर १६ ते ५. ज्या चाव्यातून विषाणू शिरला तो चावा या पट्ट्यात कुठेतरी होता, बहुधा ९ ते १५ मध्ये. १८ तारखेची बाग पट्ट्याच्या बाहेर राहिली. महिन्याच्या सुरुवातीला, १ ते ३ तारखेला, ती कामानिमित्त दुसऱ्या गावी जाऊन आली होती. तेही बाहेर, सोळा ते अठरा दिवस मागे.

"पण त्या दिवसांत मला डास चावलाच नाही," ती म्हणाली.

चावला होता, कळलं नव्हतं. आपल्याला आठवतो तो चावा खाजलेला असतो. खाज आणि गांध ही डासाच्या लाळेवरची त्वचेची प्रतिक्रिया असते, ती काही मिनिटांत उठते आणि तिचा विषाणूशी काहीही संबंध नसतो. निरोगी डासाचा चावासुद्धा तेवढाच खाजतो. डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्ती जातीची मादी दिवसा चावते, सकाळच्या पहिल्या काही तासांत आणि दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंत जास्त. ती कानाशी गुणगुणत बसत नाही. टेबलाखालून, मागच्या बाजूने, घोट्याला किंवा पोटरीला चावून निघून जाते. माणूस कामात असतो. रात्री गुणगुणून झोपमोड करणारे डास बहुतेक वेळा दुसऱ्याच जातीचे असतात, आणि नेमके तेच लक्षात राहतात.

मधल्या दिवसांत शरीरात काय चालतं हे तिला ऐकायचं होतं. लाळेबरोबर विषाणू त्वचेत उतरतो आणि तिथल्या पहारेकरी पेशींमध्येच शिरतो. त्या पेशी सवयीप्रमाणे जवळच्या लसिकाग्रंथीकडे जातात, विषाणूला सोबत घेऊनच. तिथे त्याची संख्या वाढते, मग तो रक्तात उतरतो. हे सगळं होईपर्यंत माणूस हिंडता-फिरता असतो, त्याला काहीच वाटत नाही. शरीराने लढा जोरात सुरू केला की ताप चढतो. या मधल्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. चोवीस तासांत हे टप्पे पुरे होत नाहीत, म्हणून 'काल चावला, आज ताप' हे डेंग्यूत जमत नाही. मलेरियातही जमत नाही, त्याला तर साधारण आठवडा किंवा अधिकच लागतो.

हे चार ते दहा दिवस ठरले कसे, याचीही एक गोष्ट आहे आणि ती या प्रकरणाला थेट भिडते. जिथे डेंग्यू आहे तिथे माणसाला रोजच डास चावतात, मग नेमका कुठला चावा धरायचा? १९१६ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात क्लेलंड, ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साथीच्या भागातले डास सिडनीला नेले. तिथे डेंग्यू नव्हता. स्वयंसेवकांना ते डास चावू दिले, त्यामुळे विषाणू देऊ शकेल असा चावा कुठला आणि कधीचा, हे माहीत होतं. पुढे मनिलामध्ये सायलर, हॉल आणि हिचेन्स यांनी अमेरिकी सैन्यातल्या स्वयंसेवकांवर प्रयोग केले, ते १९२६ मध्ये छापून आले. असे जुने प्रयोग आणि नोंदी एकत्र करून २०१२ मध्ये नव्याने गणित मांडलं गेलं. सरासरी ५.९ दिवस निघाली, आणि शंभरातल्या पंचाण्णव जणांत ताप तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान.

प्रयोगातल्या स्वयंसेवकाला आपला चावा ठाऊक होता. माझ्यासमोर बसलेल्या बाईंना तो ठाऊक नव्हता, आणि जवळजवळ कुणालाच नसतो. म्हणून चाव्यापासून पुढे मोजण्यात अर्थ नाही. तापाची वेळ पक्की माहीत असते. तिथून मागे मोजलं तर डास कुठे आहेत ते शोधता येतं, आणि तिथूनच पुढे मोजलं तर धोका कधी येईल हे कळतं.

आयब्युप्रोफेन बंद केली. ती आणि तिच्या जातीच्या गोळ्या, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, रक्तस्रावाचा धोका वाढवतात, आणि डेंग्यूत प्लेटलेट आधीच खाली येत असतात. तापाला फक्त पॅरासिटामॉल, ठरलेल्या अंतराने. तोंडाने भरपूर द्रव, रोज रक्ततपासणी, दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपणं. कागदावर मी पुढच्या तारखांना गोल केला, २२ ते २६. तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, आणि बहुधा ताप उतरण्याच्या आसपास, डेंग्यूचा कठीण काळ येतो. "ताप गेला की मला फोन करा," मी सांगितलं. तिला ते विचित्र वाटलं असावं. लोक ताप आला म्हणून फोन करतात.

मंगळवार

सोमवारी प्लेटलेट ८४,०००, हिमॅटोक्रिट ४०. रुग्णाची तब्येत तशीच होती.

मंगळवारी, २४ तारखेला पहाटे ताप उतरला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. ती उठून बसली, शाळेतल्या सहकाऱ्यांना उद्या येते म्हणून कळवलंसुद्धा. ठरल्याप्रमाणे सकाळी मला फोन आला. मी रक्त तपासून दाखवायला या म्हटलं, ते दुपारवर गेलं. दुपारी एकपर्यंत तिला तीन उलट्या झाल्या होत्या आणि पोटात वरच्या बाजूला सतत दुखत होतं. माझ्यासमोर आली तेव्हा हात गार, नाडी १०४, रक्तदाब १००/७६. वरचा आणि खालचा आकडा जवळ येतात तेव्हा मला १०० बघून दिलासा वाटत नाही. दोघांमधला फरक रविवारी ४० होता, आता २४. तो २० पर्यंत आला की शॉकची, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडण्याची, सुरुवात धरतात.

हिमॅटोक्रिट ४६.४. रविवारच्या मानाने जवळपास १८ टक्के वाढ. प्लेटलेट ४१,०००.

कुटुंबाची नजर ४१ हजारांवर खिळली आणि माझी ४६.४ वर. इथे थोडं थांबून सांगितलंच पाहिजे. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा नुसत्या प्लेटलेट कमी झाल्याने नव्हे. या एक-दोन दिवसांत बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी छातीत, पोटात झिरपतं, उरलेलं रक्त दाट होतं, म्हणून हिमॅटोक्रिट चढतो. रक्ताभिसरणाला पुरेसं पाणी उरलं नाही की शॉक. यावर उपचार म्हणजे शिरेतून योग्य तेवढं सलाईन, योग्य वेगाने, तासातासाला बघत. कमी पडलं तरी धोका, आणि जास्त झालं तर झिरपणारं पाणी फुप्फुसांभोवती साठून श्वास अडतो.

तिला लगेच रुग्णालयात दाखल केलं. सोनोग्राफीत उजव्या फुप्फुसाभोवती थोडं पाणी दिसलं. सलाईनचा वेग पहिल्या काही तासांत वाढवून मग हळूहळू उतरवत नेला, साधारण ३६ तास. बुधवारी प्लेटलेट २८,००० वर गेल्या, तेव्हा "बाहेरून प्लेटलेट भरा" म्हणून नातेवाइकांचा आग्रह सुरू झाला. रक्तस्राव कुठेच नव्हता. नुसता आकडा खाली गेला म्हणून प्लेटलेट चढवल्याने फायदा होत नाही, उलट तेवढं द्रव अंगात वाढतं. दिल्या नाहीत. गुरुवारी भूक लागली, लघवी मोकळी होऊ लागली, हिमॅटोक्रिट ३८ वर आला आणि हातापायांवर लाल पुरळात मधे मधे पांढरे ठिपके राहिलेली ती ओळखीची नक्षी उमटली. तळहात खाजतात म्हणून ती वैतागली होती. मला त्या खाजेचा आनंद झाला, ती बरं होण्याची खूण असते. शुक्रवारी ती घरी गेली.

मंगळवारचा दिवस कुठल्या हिशेबाने ओळखायचा होता? तापाच्या सुरुवातीपासून मोजलं तर तो पाचवा दिवस, अगदी कठीण काळाच्या मधोमध. बुधवारच्या बागेपासून मोजणाऱ्याला त्यात विशेष काहीच दिसलं नसतं. आणि हा साधा व्हायरल आहे असं मानणाऱ्याने तर ताप उतरल्यावर तिला शाळेत पाठवलं असतं.

नवऱ्याचा ताप

या सगळ्याच्या आत, सोमवारी २३ तारखेला संध्याकाळी नवऱ्यालाही ताप आला. त्याने रात्रीच एनएस-१ करून घेतली, निगेटिव्ह आली. तापाच्या पहिल्या काही तासांतली ही निगेटिव्ह चाचणी मी मानली नाही. बुधवारी पुन्हा केली, पॉझिटिव्ह. त्याचा आजार सौम्य राहिला, घरीच निभावलं.

"तिच्याकडून मला लागला," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात अपराधीपणही होतं. तिची सेवा करताना लेकीलाही देऊन बसलो की काय, अशी भीती त्याला वाटत होती. डेंग्यू स्पर्शाने, खोकल्याने, एका ताटात जेवल्याने लागत नाही. डास मध्ये हवाच. आणि डासाचाही स्वतःचा वेळ असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. रुग्णाचं रक्त प्यायल्यावर विषाणू आधी डासाच्या आतड्यात वाढतो, मग अंगभर पसरून लाळेच्या ग्रंथीत पोचतो, आणि तेव्हा कुठे तो डास दुसऱ्याला आजार देऊ शकतो. याला नेहमीच्या उबदार हवेत साधारण ८ ते १२ दिवस जातात. मनिलाच्या प्रयोगांत अकरा दिवस निघाले होते. हवा जितकी गरम तितका हा काळ आखूड होतो. पुढे तो डास जगेल तोवर विषाणू बाळगतो.

म्हणजे बायकोकडून डासामार्फत नवऱ्याला आजार जायचा तर डासाचे आठ-दहा दिवस आणि नवऱ्याच्या अंगातले चार-सहा, असे दोन आठवड्यांच्या आसपास लागले असते. इथे अंतर होतं चार दिवसांचं. एकाच घरात दोघे असे पाठोपाठ आजारी पडले तर एकाने दुसऱ्याला दिला असं नसतं, दोघांनाही साधारण एकाच वेळी चावलेलं असतं. एडिसची मादी जरा हाललं की उठते आणि एकाच वेळच्या भुकेत दोन-तीन माणसांना चावते.

त्याच कागदावर दुसरी रेघ मारली. नवऱ्याचा ताप २३ ला, मागे चार ते दहा दिवस म्हणजे १३ ते १९. बायकोचा पट्टा ९ ते १५. दोन्ही एकमेकांवर येतात ते १३, १४ आणि १५ ला. शुक्रवार, शनिवार, रविवार.

"शनिवार-रविवार आम्ही गॅलरी आवरत होतो," ती रुग्णालयाच्या खाटेवरून म्हणाली. "दोन्ही दिवस, सकाळपासून."

हा पुरावा नव्हे. पट्टे शक्यतेचे असतात, आणि चावा १२ तारखेचाही असू शकतो. पण शोध कुठून सुरू करायचा हे त्यातून मिळालं. नवऱ्याच्या भावाने गॅलरी पाहिली. तीन कुंड्यांच्या खालच्या ताटल्यांत आणि जुन्या सामानामागच्या एका बादलीत पाणी होतं, बादलीत वळवळणाऱ्या अळ्या. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पाणी ओतून दिलं आणि ताटल्या-बादली आतून घासली. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. घरात उडणारे डास त्याच दिवशी फवारून मारले, कारण अळ्या गेल्या तरी मोठे डास दोनेक आठवडे आणखी चावू शकले असते. नऊ वर्षांच्या मुलीला ताप नव्हता. तरी तिलाही मच्छरदाणीत ठेवायला सांगितलं. डेंग्यूचा संसर्ग झालेल्या चारांतल्या साधारण तिघांना काही लक्षणंच दिसत नाहीत, पण डासाला त्यांच्या रक्तातूनही विषाणू मिळू शकतो.

बाग

घरी जायच्या दिवशी तिने मैत्रिणीचा विषय काढला. आजारपणात मैत्रीण दोनदा भेटून गेली होती आणि "माझ्याच बागेत तुला हे झालं" म्हणून रडली होती. "तिला सांगते, तुझी बाग नव्हती म्हणून," ती म्हणाली.

सांगा, पण आणखी एक गोष्ट सांगा, असं मी म्हटलं, आणि ती ऐकून ती सुन्न झाली. विषाणू रक्तात तापाच्या दिवशी येत नाही. एक-दोन दिवस आधीच येतो. तिला ताप आला गुरुवारी रात्री. बुधवारी संध्याकाळी बागेत बसली तेव्हा तिला बरं वाटत होतं, पण रक्तात विषाणू बहुधा आलेला होता. बागेतले डास एडिस असतील, तर त्यांनी तिला आजार दिला नव्हता. त्यांनी तिच्याकडून नेला असण्याची शक्यता होती.

कागद उलटून मी तिसरी रेघ मारली. १८ तारखेला डासाने विषाणू घेतला असेल, तर तो २६ ते ३० च्या सुमारास चावण्याजोगा होईल. त्यानंतर चार ते दहा दिवसांनी त्या घरात पहिला ताप. म्हणजे ३० तारखेपासून पुढचे तीन-चार आठवडे तिथे कुणाला ताप आला, तर 'साधा व्हायरल' म्हणून सोडायचा नाही, त्याच दिवशी दाखवायचं आणि आयब्युप्रोफेन घ्यायची नाही. त्या दिवशी २७ तारीख होती. बागेतलं साठलेलं पाणी काढायला आणि डास मारायला उशीर झाला नव्हता.

तिने माझ्यासमोरच फोन लावला. दोघी बराच वेळ बोलल्या, मग तिने कागदाचा फोटो काढून पाठवला. चार आठवड्यांनी ती तपासणीला आली तेव्हा प्लेटलेट २,४०,००० होत्या, केस थोडे गळत होते, थकवा जात आला होता. मैत्रिणीच्या घरी तोवर कुणाला ताप आला नव्हता. बागेत पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं होतं, ते आता दर दोन दिवसांनी घासून भरलं जातं.